जाळीखाली

सासूबाईंनी कापसाची लांब काडी बेसिनच्या जाळीतून खाली घातली, फिरवली आणि नळीत बंद केली. सासूबाई हे नातं नव्हे, टोपणनाव. अतिदक्षता विभागात कोण हात धुतं आणि कोण नुसते ओले करतं, यावर डोळा ठेवणाऱ्या सिस्टरला दुसरं काय म्हणणार?

औषधांना न जुमानणारा जंतू खाटेवरून खाटेवर फिरत होता. पडदे बदलले, यंत्रं पुसली, डॉक्टरांच्या हातातली घड्याळंसुद्धा उतरवली; नुसती भुई थोपटून झाली. काल इथंच दाखल असलेल्या, मोठ्या सिस्टरांच्या थोरल्या भावाच्या रक्तातही तो सापडला. आता एकच औषध उरलं होतं, आणि तेही लागू पडेल असं कोणी छातीठोक सांगेना.

मोठ्या सिस्टर म्हणजे विभागाची शिस्त. त्यांच्या चादरीवर पडायची सुरकुतीची टाप नव्हती. सासूबाई काम शिकल्या ते त्यांच्याच हाताखाली, बोलणी खात.

भावाला औषध देऊन मोठ्या सिस्टर आल्या. बाटलीत तळाशी उरलेलं त्यांनी बेसिनमध्ये ओतलं, वर पाणी सोडलं, कडा पुसून लख्ख केली.

"हे रोज इथंच ओतता, बाई?"

"मग काय डोक्यावर ओतू? कचऱ्याच्या डब्यात टाकलं की गळतं, चिकटा होतो. सगळ्या पोरींना हेच शिकवलंय. तुलाही."

सासूबाईंनी काडीची नळी खिशात टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. रोज घोटभर औषध: जंतू मरायला अपुरं, मुरायला पुरेसं. वर नळाची धार जाळीवर आपटायची आणि शिंतोडे शेजारच्या औषधांच्या ट्रेवर. तपासणीत काही निघू नये, असं त्यांना नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

निघालं. तोच जंतू. सासूबाईंनी ट्रे हलवला, नळाला चिकटपट्टी गुंडाळली. मोठ्या सिस्टरांना इतक्यात सांगू नका, आधी भाऊ बरा होऊ दे, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. पण त्या ड्यूटीवर आल्या आणि नळासमोरच थबकल्या.

"कुठं सापडला?"

"जाळीखाली."

"कशावर मुरला?"

सासूबाई चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबत बसल्या.

मोठ्या सिस्टर भावाच्या खाटेकडे निघाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. दोन्ही हात कोपरापासून वर धरलेले, कशालाच न लावता.

"त्याचं औषध आज तू दे," त्या म्हणाल्या. मग नव्या पोरींसारखं हळूच, "आणि उरलेलं कुठं टाकायचं, ते मला दाखव."