साडेबाराची गोळी

शाळेत नर्स नव्हती, म्हणून सहावीतल्या त्या मुलीची दुपारची गोळी ऑफिसातल्या क्लार्कबाईंकडे आली. मुलीला फिट यायच्या. आईने डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांचा डबा आणून दिला होता. नियम सरळ होता: साडेबाराला मुलगी येणार, बाईंनी कपाटाचं कुलूप काढून गोळी द्यायची, ती समोर गिळेपर्यंत थांबायचं आणि मग वहीत वेळ टाकून सही करायची.

पहिले दोन-तीन महिने बाईंनी ते डोळ्यांत तेल घालून केलं. मग अंगवळणी पडलं. सोमवारी सकाळी चहा पिता पिता त्या अख्ख्या आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळ्या व्हायच्या. गोळी मात्र रोज न चुकता द्यायच्या, त्यामुळे यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नाही.

त्या बुधवारी परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. खिडकीशी पालकांची झुंबड, प्रिंटर रुसलेला, फोन कोकलतोय. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, गोळी."

"थांब गं दोन मिनिटं. दिसतंय ना काय चाललंय?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. घंटा झाली तशी वर्गात निघून गेली. बाईंच्या ते ध्यानातही आलं नाही.

तीन वाजता चित्रकलेच्या तासाला तिला फिट आली. पडताना बाकाचा कोपरा लागून ओठ फाटला. आई धावत आली. मुख्याध्यापिकांनी वही मागवली. बुधवार, साडेबारा, सही. सगळं जागच्या जागी. वही पुढे करताना बाईंना लख्ख आठवलं, गोळी दिलीच नव्हती. तरी त्यांनी ती मुख्याध्यापिकांच्या हातात दिली.

आईने वही पाहिली. "तुम्ही वेळेवर दिलीत म्हणून थोडक्यात निभावलं, मॅडम," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

शुक्रवारी सकाळी ती नवी चिठ्ठी घेऊन आली. मुलगी मागे उभी होती. ओठाला टाके, पापण्या जड.

"गोळी घेऊनही फिट आली, म्हणजे डोस पुरत नाही म्हणाले डॉक्टर. कालपासून वाढवलाय. उभ्या उभ्या पेंगते हो. आता दुपारीही दोन द्या."

बाईंनी चिठ्ठी घेतली नाही.

"ताई, बुधवारी मी तिला गोळी दिलीच नाही."

"अहो, पण सही आहे ना?"

"ती सोमवारीच केली होती."

आई मुलीकडे वळली. "अगं, मग तू का नाही बोललीस? दहादा विचारलं मी तुला!"

"वहीत लिहिलं होतं ना," मुलगी हळूच म्हणाली. "मला वाटलं, मीच विसरले. फिट आली की मला आधीचं नीट आठवत नाही."

आई ओरडेल या भीतीने बाईंनी दोन दिवस काढले होते. आता वाटलं, तिने ओरडावं, चारचौघांत ओरडावं.

"तू विसरली नव्हतीस, बाळा. तू आली होतीस. मीच थांबवलं तुला."

मुलीने मान हलवली. कितपत कळलं कोण जाणे.

आई ओरडली नाही. डॉक्टरांना फोन लावता लावता एवढंच म्हणाली, "मी तुमचे आभार मानत होते, तेव्हा तुम्ही ऐकून घेत होतात."

दुपारी मुख्याध्यापिकांनी लेखी खुलासा मागितला. "'नजरचुकीने' असं घाला, बाई," त्या समजुतीने म्हणाल्या. "प्रकरण फार वाढायला नको."

बाईंनी तो शब्द घातला नाही. सोमवारी सह्या करत होते, बुधवारी तिला थांबवून ठेवलं, गोळी दिली नाही, विचारल्यावर गप्प बसले, असं ओळीने लिहून दिलं. मुख्याध्यापिकांनी कागद वाचला आणि त्यांच्याकडे न बघता फाइलला लावला.

डोस पुन्हा पूर्वीइतका झाला. आठवड्याभरात मुलगी ताजीतवानी दिसायला लागली. गोळीचं काम खेळाच्या सरांकडे गेलं. त्यांच्या खोलीकडे जायची वाट ऑफिसवरूनच होती. मुलगी येताना दिसली की बाई हातातल्या कागदात डोकं घालत आणि ती पुढे जाईपर्यंत वर काढत नसत.