उपटणाऱ्याचा वाटा

व्यंकटरावांनी माइक बंद केला आणि खुर्ची मागे सरकवली. समोरच्या पडद्यावर दिल्लीचे साहेब पाणी पीत होते. मोठ्या राज्यांच्या मोठ्या संघटना सकाळीच बोलून गेल्या होत्या. आता पाळी कळमनुरीची होती, आणि साहेबांनी विचार करायला थोडा वेळ दिला होता.

'मराठवाडा पांढरा कोळसा उत्पादक संघ' हे नाव संघाच्या कार्यालयात मावेल असं नव्हतं. कार्यालय म्हणजे कळमनुरीतल्या खताच्या दुकानावरची एक खोली, तिथेही युरियाचा वास. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी पऱ्हाटी उभी राहते. ती भरडायची, दाबून तिच्या कांड्या, म्हणजेच पांढरा कोळसा, करायच्या आणि कोळशात मिसळून जाळायला वीज केंद्रांना विकायच्या, हा या मंडळींचा धंदा. दगडी कोळसा कमी करण्याचं देशाचं धोरण ठरत होतं. पऱ्हाटीचं कुणाला विचारावं, तर वेळेवर माल पोचवणारे हेच, म्हणून दिल्लीनं त्यांना बोलावलं होतं. व्यंकटरावांना अजून ते खरं वाटत नव्हतं.

अडचण एका कलमाची होती. नोंदणी झालेल्या मिलशिवाय शेतातली पऱ्हाटी कुणी उचलायची नाही, असं मसुद्यात होतं. आणि ही मागणी गेल्या वर्षी याच संघानं केलेली, अध्यक्ष म्हणून व्यंकटरावांच्याच सहीनं.

"आता काहून अडून राहिले?" भागवत म्हणाला. तो संघाचा सचिव, हट्टा गावात त्याची मिल होती. "मंजूर म्हना अन् मोकळे व्हा. कच्च्या मालाची तकलीफ कायमची मिटती."

"तांड्यावरच्या बायांचं काय?"

"त्यांना ग्यास हाय की."

"टाकी हाय. भरलेली न्हाई."

व्यंकटरावांच्या शेतातली पऱ्हाटी दरवर्षी जिवनबाई आणि तांड्यावरच्या बायका उपटत. त्याची मजुरी नसे. जी उपटेल तिनं पऱ्हाटी घरी न्यायची, हे त्यांच्या वडिलांच्याही आधीपासून चालत आलेलं. शेत मोकळं व्हायचं आणि तांड्याच्या चुली पावसाळाभर पेटायच्या. मग व्यंकटरावांनी मिल टाकली. पहिल्याच वर्षी अवकाळीनं रचलेला सगळा माल भिजला. वीज केंद्राची पहिली गाडी चुकली असती तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. तेव्हा जिवनबाईनं घरामागे पत्र्याखाली झाकून ठेवलेली कोरडी पऱ्हाटी काढून दिली. तिचं बघून सगळ्या तांड्यानं दिली. त्या पावसाळ्यात त्या बायांनी गोवऱ्या आणि ओल्या काटक्यांवर भाकरी भाजल्या. व्यंकटराव पैसे द्यायला गेले, तर जिवनबाईनं हात जोडून नको म्हटलं. आपली मिल, हा संघ, ही खुर्ची त्या एका गाडीवर उभी आहे, हे ते कुणाला सांगत नसत. विसरतही नसत.

"बाकीचे मिलवाले ऐकायचे न्हाईत," भागवत हळूच म्हणाला. "अध्यक्षपद जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी माइक चालू केला. त्यांची हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली; पण त्या दिवशी ती अडखळली नाही.

"साहब, जो उखाड़ेगा उसका हिस्सा पहले. वो उसकी मालकी का. बचेगा वो मिल लेगी."

तुमच्या संघानं तर याच्या उलट लिहून दिलं होतं ना, असं साहेबांनी विचारलं.

"तब हमने अपनाच देखा था, साहब."

साहेब काही लिहीत राहिले. भागवत मात्र खुर्ची ढकलून खाली निघून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस त्यानं फोन उचलला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर धोरण जाहीर झालं. कलम बदललं होतं. उपटणाऱ्या कुटुंबाचा वाटा आधी, आणि तो त्या कुटुंबाच्या मालकीचा. एवढ्या थोरल्या देशाच्या कागदात एक ओळ कळमनुरीची होती. व्यंकटरावांचा ऊर भरून आला. त्यांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि जीपची किल्ली घेतली. नेमका तेव्हाच भागवत दारात आला.

"मीबी येतो," तो घुश्शातच म्हणाला. "कोनासाठी मिल बुडवली ते बघू तरी."

तांड्यावर मात्र तो जीपमधून उतरला नाही. जिवनबाई दारातल्या बाजेवर शेंगा फोडत बसली होती, मागे उंबऱ्यात तिची सून शिला. जिवनबाईनं लगबगीनं उठून व्यंकटरावांना बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली टेकली.

"जिवनबाई, तुमच्या चुलीची पऱ्हाटी आता कुनी नेनार न्हाई. दिल्लीनं लिहून देल्लं."

जिवनबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"औंदा समदी मिलवालेच नेनार म्हून आयकलं व्हतं, मालक," ती म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले. "लई उपकार झाले."

"उपकार तुमचे. त्या साली तुमी घरची पऱ्हाटी देल्ली नसती, तर माझी मिल तवाच बसली असती."

जिवनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"त्ये अजून ध्यानात ठिवलं व्हय? मालक, तुमच्याच शेतातली व्हती ती. तुमची तुमाला देल्ली. त्यात आमी काय देल्लं?"

इतकी वर्षं व्यंकटरावांनी ज्याचं ओझं उरावर वागवलं, ते हिनं कधी दिलं असं धरलंच नव्हतं. त्यांना भरून आलं आणि थोडी लाजही वाटली.

"आन् आता कोनाची?" उंबऱ्यातून शिलानं विचारलं.

"आता तुमची. पक्की."

"म्हंजे," जिवनबाई सावकाश म्हणाली, "जाळली तरी आमची, इकली तरी आमची?"

"व्हय."

जिवनबाईनं मनाशी काहीतरी जुळवलं. मग मान वळवून जीपकडे पाहिलं.

"ते कोन बसलेत?"

"भागवतराव. हट्ट्याला मिल हाय त्यांची."

"मंग त्यांनाबी बलवा की," ती म्हणाली. "निम्मी आमी चुलीला ठिवू. बाकीचीला दोघांचाबी भाव आयकू."

व्यंकटराव मोठ्यानं हसले. कधी नव्हे इतकं मोकळं हसले. हाक मारायची गरजच पडली नाही. भावाचं नाव कानावर पडताच भागवत जीपचं दार उघडून झपाझप येत होता. त्याला जागा व्हावी म्हणून व्यंकटराव बाजेच्या कडेला सरकले.