शिकंज्याचा श्वास

"श्वास नीट धर गं, भार्गवी!" व्यंकोजी अण्णा पुन्हा ओरडले आणि भार्गवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सहा आठवडे ती हेच ऐकत होती. पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर तिच्या गोळ्या कधी वर, कधी खाली लागत होत्या. राज्याची निवड चाचणी त्यातच हुकली. हात स्थिर राहावा म्हणून बिचारीने कॉफीसुद्धा सोडली होती.

खरा दोष होता अण्णांच्या स्टीलच्या डब्यात. क्लबचे हे प्रशिक्षक प्रत्येक खोक्यातली उरलेली काडतुसं त्यात ओतायचे. जुनी, नवी, निरनिराळ्या खेपांची, सगळी एकत्र! एक गोळी जोरात सुटायची, दुसरी मंद सुटून खाली लागायची. तिने दहादा सांगितलं होतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," अण्णा सगळ्यांसमोर हसले.

भार्गवी उठली. रायफल तपासायचा लोखंडी शिकंजा तिने टेबलावर आदळला, त्यात रायफल घट्ट आवळली आणि डब्यातल्या दहा गोळ्या झाडल्या. मग नवं टार्गेट लावून एकाच सीलबंद खोक्यातल्या दहा झाडल्या.

दुसऱ्या कागदावर करंगळी जाईल एवढं एकच भोक होतं. पहिल्याची वरपासून खालपर्यंत चाळण झाली होती.

तो पहिला कागद तिने अण्णांच्या डब्यावर थाडकन आपटला.

"घ्या अण्णा! आता या शिकंज्याला सांगा, श्वास धर म्हणून!"