छपराचा ठराव

ऑल्डनशी लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली. त्यातली निदान चाळीस मी त्याचं मत खोडून काढण्यात घालवली. आमच्या गावसभेत गावकरीच हरेक खर्चावर मत देतात; तिथे तो ‘नाही’ म्हणतो, मी ‘हो’ म्हणते. मग विषय आगीच्या बंबाचा असो, शाळेच्या बसचा असो, की वाचनालय आठवड्यातून एक दिवस जास्त उघडं ठेवण्याचा. दोघंही घरी बसलो तर निकाल तोच लागेल आणि पेट्रोल वाचेल, हा आमचा जुना विनोद. तरी दर मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही चिखलाचे बूट चढवतो आणि जातो. तो पुढे माइकजवळ बसतो. मी मागे, बायकांबरोबर, जेवणासाठी आणलेली घेवड्याच्या उसळीची भांडी राखत.

ऑल्डन आधी जमिनीची मोजणी करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने तीन उद्योग मागे लावून घेतले. सकाळी चित्रं, दुपारी पियानो, आणि दर शुक्रवारी वेबसाइटवर सरकारला झोडपणारा लेख. लेखाचे वाचक एक्केचाळीस, त्यात मी धरलेली आहे.

चित्रं म्हणजे चौकोन. पट्टी घ्यायची, पेन्सिलीने आखायचं, चिकटपट्टी लावायची, रंग भरायचा, चिकटपट्टी सोलायची. सोललेले तुकडे माझ्या मोज्यांना चिकटून थेट अंथरुणात येतात. एकदा वैतागून मी विचारलं, यात बघायचं काय? तो म्हणाला, “नीट बघ, व्हर्ना. एकही चौकोन दुसऱ्याला ढकलत नाही.” त्याचं राजकारणही तेवढंच आहे. कुणी कुणाला ढकलू नये, सरकारने तर नाहीच. ऐकायला बरं वाटतं. मग रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार, असं मी विचारते आणि संध्याकाळ फुकट जाते.

संगीताबद्दल मात्र मी कधी काही बोलले नाही. ते तो स्वतःच रचतो. त्यातही सगळं जागच्या जागी असतं, पण मधेच एखादा सूर असा येतो, की हातातलं काम थांबतं. एवढ्या हिशेबी माणसात हे कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पियानो त्याच्या आईचा, लांबलचक. आमच्या घराच्या दारातून तो कधीच आत आला नसता, म्हणून सव्वीस वर्षं गावाच्या सभागृहात वरच्या मजल्यावर आहे. जागा गाव फुकट देत होतं, पण सरकारचं फुकट काही घेणार नाही म्हणून हा हट्टाने भाडं भरतो. यंदा तिथलं छप्पर गळायला लागलं. पियानोभोवती तीन बादल्या ठेवलेल्या. छप्पर दुरुस्त करायला गावाच्या करातून पैसे द्यायचे, असा सभेपुढचा नववा ठराव होता. ठराव पडला तर वरचा मजला बंद. पियानो आमच्या गोठ्यात ठेवला, तर न्यू हॅम्पशायरच्या एका हिवाळ्यात त्याची आतली, सूर घुमवणारी फळी तडकते. म्हणजे विकायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस दुसरा पियानो बघणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं, “उद्या नवव्याला गप्प बस. आयुष्यात एकदा. माझ्यासाठी.”

तो बराच वेळ बटाटा चावत राहिला. “बसतो,” म्हणाला.

मला भरून आलं. आणि एवढ्याशा गोष्टीने भरून येतं, याचा रागही आला.

सभेत पहिल्या आठ ठरावांना तो नेमाने उठला, नेमाने बोलला आणि नेमाने हरला. लोक त्याच्या बोलण्यात विणकाम उरकून घेतात. नववा आला. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला बोलायचंय का? कुणी हललं नाही. ऑल्डन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. सुटलो, असं मला वाटलं, तेवढ्यात कोरा उठली.

कोरा गावच्या कचेरीत बसते, कुत्र्यांचे परवाने देते, बरोबर पियानोच्या खाली. बाई मनाची चांगली आहे, आणि चांगल्या माणसांनी घातलेला घोळ निस्तरता येत नाही. ती म्हणाली, “पैशाचं मला कळत नाही. पण वर ऑल्डन वाजवत असतो, म्हणून माझा दिवस जातो. गावासाठी नको, त्याच्यासाठी तरी छप्पर करू या.”

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो उभा होता.

“कोराचे आभार,” तो म्हणाला. “पण या हॉलमध्ये अशी माणसं आहेत, ज्यांनी यंदा लाकडं मोजून जाळली. त्यांच्याकडून कर म्हणून घ्यायचं आणि माझ्या वाजवण्यावर छप्पर घालायचं, हे मला नको. इतकी वर्षं मी तुमच्या कामांना नाही म्हणालो. माझ्या कामाला हो म्हटलं, तर मी नुसताच एक चिडका म्हातारा होतो, असं होईल. पियानो माझा आहे. अडचणही माझी.”

तो बसला. विणणाऱ्या सुया थांबल्या होत्या. आवाजी मतदानात काही कळेना, म्हणून अध्यक्षांनी दारात वाटलेली मतदानाची कार्डं वर करायला सांगितली. आधी ‘हो’वाले.

माझं गुलाबी कार्ड मांडीवरच राहिलं. खरं सांगते, मी दमले होते. चाळीस वर्षं त्याच्या पाठीकडे बघत उलट कार्ड दाखवायचं, त्याचा कंटाळा आला होता. कोटाच्या कॉलरमधून त्याची बारीक झालेली मान दिसत होती. ठराव तर दरवर्षीसारखा पास होणारच, मला वाटलं, मग एवढं बोलून झाल्यावर त्याच्या बाजूला एक तरी कार्ड असू दे. माझ्या एकटीच्या कार्डाने काय होणार आहे? ‘नाही’वाले म्हटल्यावर मी हात वर केला.

मोजणारे दोनदा रांगांमधून फिरले. हो साठ, नाही एकसष्ट.

ऑल्डन पहिल्यांदा जिंकला होता. त्याचं अभिनंदन कसं करायचं, ते कुणाला सुचेना. कोराने त्याच्या ताटात सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा वाढला आणि डोळे पुसत आत गेली. मी घेवड्याची भांडी धुवायला घेतली.

परतताना तोच गाडी चालवत होता, चिखलातून, सावकाश.

“मी मत दिलं नाही,” तो म्हणाला. “ज्याचा त्यात स्वार्थ आहे, त्याने देऊ नये.”

मी मांडीवरचं रिकामं भांडं सरळ धरलं.

“तुला दिलेला शब्द मोडला. पण तू मागे होतीस, म्हणून बोलू शकलो. म्हटलं, आपण काय बोलायचं ते बोलू, पलीकडे व्हर्ना आहेच.” मग तो म्हणाला, “एका मताने पडला ठराव. कुणाचं तरी मन फिरलं म्हणायचं.”

गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं मला चांगलं जमतं. पण हा अख्खं गाव डोळ्यांपुढे आणून ते कार्ड शोधत बसला असता.

“माझं,” मी म्हटलं. “मी ‘नाही’ला हात वर केला.”

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, आता रडेल. इतकी माझी चूक मोठी होती, आणि मला त्याची माफी मागायची होती.

“म्हणजे,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “तुला पटलं?”

त्रेचाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर हा माणूस मला समजावत आला होता. पियानो गेला होता, आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, की माझ्याने बघवेना.

मला काहीच पटलेलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “पटलं.”