चतुराबाईचा डावा पाय

रविवारी सकाळी पोह्यांची बशी की-बोर्डशेजारी ठेवून तेजस्विनीनं हेडफोन कानाला लावला, तेव्हा तिला एकच धाकधूक होती. आज काका वैतागला, तर तो पुन्हा कधी उडायला यायचा नाही.

काका म्हणजे शेखरकाका, बाबांचा धाकटा भाऊ. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होता आणि ड्यूटीवरून आला की बूटसुद्धा न काढता वरच्या खोलीत विमान उडवायला बसायचा. विमान संगणकातलं, पण थाट असा की खाली आई म्हणायची, "भावजी, जेवायला उतरणार की वरच चकरा मारणार?" तेजू तेव्हा तिसरीत होती. काका डाव्या खुर्चीवर, ती उजवीकडे स्टुलावर, खाली दोन उशा घालून. पायाखालची पेडलं काकानं प्लायवूड आणि दाराच्या बिजागऱ्या जोडून घरीच बनवली होती. दाबली की कुरकुरायची. त्या कुरकुरीशिवाय विमान उडतं, हेच तिला कितीतरी दिवस खरं वाटलं नव्हतं.

त्यांचं विमान एकच. मूळ खेळाबरोबर आलेली भलीमोठी विमानं काकाला आवडायची नाहीत. त्यानं खेळाला जोडायचं वेगळं एक विमान, म्हणजे ॲड-ऑन, घेऊन टाकलं होतं, चार माणसांचं, एका पंख्याचं, पांढऱ्यावर लाल पट्टा असलेलं. बनवणारे कुठले कोण हौशी लोक होते. त्यांनी बाहेरून विमान झकास केलं होतं, आतून मात्र आनंदीआनंद. घड्याळ रंगवलेलं, त्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं. इंजिनाचा आवाज थेट ट्रॅक्टरसारखा. आणि रनवेवर पळायला लागलं की विमान उजवीकडे ओढायचं. सरळ जायचं म्हणून नाव नाही.

"ही आपली विंचूरची चतुराबाई आहे बघ," काका म्हणाला होता. चतुराबाई म्हणजे त्याची आत्या, तेजूची आजेआत्या. कांदा मार्केटला म्हणून घरातून निघायची आणि वाटेत ज्याचं दार उघडं दिसेल तिकडे वळायची. मार्केटला पोहोचेपर्यंत लिलाव उरकलेला असायचा. मग विमानाचं नावही चतुराबाईच पडलं. तिला सरळ ठेवायचं म्हणजे डावं पेडल दाबून धरायचं. ओझर विमानतळाच्या रनवेवर थ्रॉटलचा दांडा पुढे ढकलला की दोघांनी एका सुरात म्हणायचं, "डावा पाय, चतुराबाई," आणि काकाचा डावा पाय पेडलवर, तेजूचा डावा पाय नुसताच हवेत. पुढे तिचे पाय पेडलपर्यंत पोहोचले, तेव्हा ती जागा तिला मिळाली. आजही रिक्षात बसून जेल रोडनं जाताना रिक्षा वेग घ्यायला लागली की तिचा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो. मैत्रीण उजमा शेजारी बसलेली असली तर विचारते, "ब्रेक तुझ्याकडे आहे का गं?"

ती आठवीत गेली त्या वर्षी काकाची देवासच्या नोटांच्या प्रेसला बदली झाली. लग्नही त्याच सुमारास झालं. संगणक आणि पेडलं तो पुतणीला देऊन गेला, आणि तिकडे जाऊन तशीच नवी बनवली. इंटरनेटवरून दोघांना एकाच विमानात बसता यायचं, त्यामुळे रविवार टिकला. मग एक रविवार काकूच्या माहेरचं लग्न, एक रविवार पाहुणे, एक रविवार नुसताच "आज नको गं, झोपतो जरा." आणि गेल्या महिन्यात मूळ खेळाचं मोठं अपडेट आलं, त्यानंतर चतुराबाईचं कॉकपिट काळं ठिक्कर पडलं. काचेबाहेर आभाळ दिसायचं, आत काहीच नाही.

"संपलं मग," काका फोनवर म्हणाला होता. वाईट वाटल्यासारखं नव्हे, सुटल्यासारखं. तेच तेजूला लागलं होतं.

म्हणून बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढल्याबरोबर ती हात धुऊन काकाच्या मागे लागली. नवी आवृत्ती म्हणजे चेष्टा नव्हती. आता घड्याळ चालत होतं. इंजिन गार असलं तर नीट पकडत नव्हतं, तेल तापेपर्यंत थांबावं लागत होतं. बॅटरी बंद करायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी ती उतरलेली. तेजूनं सगळी माहिती वाचली, लोकांचे व्हिडिओ पाहिले, चेकलिस्ट पाठ केली. शाळेत विज्ञानाच्या प्रदर्शनात तिनं नुकतंच माइक हातात धरून अख्ख्या हॉलला पंखा विमान कसा ओढतो ते सांगितलं होतं, तेव्हापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. फक्त एक केलं नाही. एकटीनं उडवलं नाही. पहिलं उड्डाण काकाबरोबर.

"आलास का?" तिनं विचारलं.

"आलोय. हे काय गं, किल्ली कुठंय? आधी दोन बटणं दाबली की झालं होतं."

"आता खऱ्यासारखं आहे. आधी बॅटरी. मग पंप. मी सांगते."

"तू सांगतेस?" काका हसला. "बरं, सांगा मॅडम."

इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. ट्रॅक्टर नव्हता तो. गोल, खोल, छातीत घुमणारा आवाज होता.

"आवाज चांगला आहे," काका म्हणाला. आणि जरा थांबून, "पण आपला नाही."

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "ताबा तुझ्याकडे, काका. घे."

विमान ओझरच्या रनवेवर उभं राहिलं. थ्रॉटल पुढे गेला. देवासहून आणि नाशिक रोडहून एकदमच आवाज आला, "डावा पाय, चतुराबाई."

चतुराबाई जी डावीकडे सुटली ती थेट गवतात. एक पंख जमिनीला घासला, पंखा वाकडा झाला आणि सगळं शांत.

"अरे वा," काका म्हणाला.

दुसऱ्यांदा तो सावकाश निघाला. पुन्हा डावीकडे, पुन्हा गवत. तिसऱ्यांदा ताबा तेजूनं घेतला. हॉलभर लोकांना शिकवणारी तेजस्विनी. तिनंही रनवेच्या दिव्यांवरून विमान नेलं आणि आडवं केलं.

"तेजू, ही आपली चतुराबाई नाही गं." काकाचा आवाज पडला होता. "ती कशीही असली तरी मला कळायची. ही फार शहाणी आहे. तू शीक, तुझं वय आहे. मला भाजी आणायला जायचंय."

"थांब ना पाच मिनिटं."

"पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी बघू म्हणजे काय, ते तिला कळत होतं. तिनं पडद्यावरच्या आडव्या विमानाकडे पाहिलं. लाल पट्टा तोच होता. मग तिची नजर खाली गेली, बिजागऱ्यांच्या पेडलांकडे. डावं पेडल पार तळाला टेकलं होतं. विमान कधीच थांबलं होतं, तरी तिचा पाय त्यावर दाबलेलाच होता.

"काका," ती म्हणाली, "तुझा पाय कुठंय आत्ता?"

"कुठं म्हणजे? पेडलवर."

"कुठल्या?"

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला.

"जुनी उलटी ओढायची," तेजू म्हणाली. "बनवणाऱ्यांची चूक होती. खरं विमान पंख्यामुळे डावीकडेच जातं, उजवा पाय द्यावा लागतो. हे मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं रे, आकृती काढून. आणि इथं डावाच दाबत बसले."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुला उलटं विमान शिकवलं."

"उलटं नाही. चतुराबाई शिकवलीस."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तेजूला वाटलं, आता हेडफोन काढतोय. ताबा तिच्याकडे होता. ती एकटीनं उडवून दाखवू शकली असती, आणि मनातून तिला ते हवंही होतं. पण मग काका नुसता बघत बसला असता, आणि बघणारा माणूस भाजी आणायला जातोच.

"ताबा तुझ्याकडे," ती म्हणाली. "पण आधी डाव्या पायाची मांडी घाल. खुर्चीवरच. पाय खाली सोडायचाच नाही."

"अगं, मी काय पंगतीला बसलोय का?"

"घाल रे. सुटा ठेवला की तो ऐकत नाही. मीपण घातलीय."

खुर्ची करकरली. "घातली. तुझी काकू बघतेय माझ्याकडे."

"बघू दे. उजव्यानं हळू. दाबून ठेवू नको, नुसता टेकव."

थ्रॉटल पुढे गेला. तेजूच्या मांडीखाली डावा पाय वळवळला, सुटायला बघत होता, तिनं तो अंगाच्या भारानं दाबून धरला. विमान डावीकडे झुकलं, सावरलं, थोडं उजवीकडे गेलं, पुन्हा सावरलं. रनवेची पांढरी रेघ त्याच्या पोटाखालून पळायला लागली. मग चाकांचा आवाज थांबला.

खाली द्राक्षबागा ओळीनं दिसत होत्या. जुन्या आवृत्तीत सगळं हिरवं सपाट असायचं, आणि काका एखाद्या राखाडी ठिपक्यावर बोट ठेवून म्हणायचा, हे आपलं घर, ही बघ तुझी आई कपडे वाळत घालतेय. तेजूला ती खरोखर दिसायची. आता सगळं स्पष्ट होतं, आणि काकाला सांगायला काही उरलंय की नाही, ही नवीच काळजी तिला लागली.

"डावीकडे पाणी कसलं गं?" काकानं विचारलं.

"नांदूर-मध्यमेश्वरच्या धरणाचं असेल. पण ते डावीकडे नको, उजवीकडे हवं. आपण बहुतेक चुकलोय."

"चुकलो नाही. विंचूरला चाललोय. आत्या कधी सरळ वाटेनं गेली होती?"

तेजू खळखळून हसली. खालून आईनं विचारलं, काय झालं गं.

मग देवासकडून काकूचा आवाज आला, लांबून पण स्वच्छ, "अहो, मंडईत निघताय ना? नंतर काही मिळायचं नाही."

काकानं माइकवर हात ठेवला असावा, बोलणं गुदमरल्यासारखं ऐकू आलं.

"अगं, विमान हवेत आहे. असं मधेच कसं उतरता येईल?" आणि मग हात काढून, हळूच, "तेजू, उतरवायचं कसं ते वाचलंयस ना?"

"वाचलंय. पण उतरताना ब्रेकला दोन्ही पाय लागतात."

"बाप रे. माझ्या पायाला मुंग्या आल्यात. सोडू का मांडी?"

"अजून नको," तेजस्विनी म्हणाली. "पेट्रोल खूप आहे."