दार ठेवायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पुलाच्या तोंडाशी उभा असलेला, अंगावर अकरा नावं वागवणारा. गुन्हा एकही केलेला नाही, तरी गेलं वर्षभर मी गजाआड आहे.

माझा जन्म नदीपलीकडच्या खाणीतला. पुलाचे खांब ज्या दगडाचे, त्याच दगडाचा मी. पूल बांधताना एका दुपारी परांची कोसळली आणि अकरा कामगार नदीत गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका पाथरवटाने मला मागून घेतलं. प्रत्येकाच्या घरी जाऊन त्याने नाव विचारलं आणि माझ्या अंगावर खोल कोरलं. "पुसायचं म्हटलं तरी पुसता येऊ नये," असं तो म्हणायचा. माणूस हट्टी, पण हात मोठा नेमका.

पुढची कित्येक वर्षं माझी सुखात गेली. कामावर जाणारे लोक जाता जाता माझ्यावर तळहात टेकवायचे. भाजीवाली टोपली ठेवून दम खायची, मुलं दप्तरं ठेवायची, कोणी तर बुटाची नाडी बांधायला चक्क पाय ठेवायचं. मला कधी राग आला नाही. नवा माणूस टेकला की हमखास विचारायचा, "ही कोणाची नावं हो?" आणि कोणीतरी सांगायचंच.

शिवणकाम करणारी एक बाई मात्र रोज यायची. परांची कोसळली तेव्हा ती आईच्या पोटात होती. बापाला तिने कधी पाहिलं नाही, घरात त्याचा फोटोही नव्हता. सहाव्या ओळीतल्या त्याच्या नावावरून ती हळूच बोट फिरवायची, टाका तपासावा तसं, आणि मग दुकानात जायची. म्हातारपणी तिची नजर गेली, तरी लेकीचा हात धरून येत राहिली. ओळ बोटाला बरोबर सापडायची.

दुर्घटनेला पंच्याहत्तर वर्षं झाली आणि स्मारक समितीच्या अध्यक्षांना वाटलं, लोक माझा मान ठेवत नाहीत. झालं! आधी मला ऑइलपेंटचे तीन जाड हात दिले. खोदलेली अक्षरं भरून गेली, तेव्हा रंगाऱ्याने वरून सोनेरी रंगात नावं लिहून टाकली. मग चारही बाजूंनी उंच लोखंडी कुंपण आलं. वेल्डरने विचारलं, "साहेब, दार कुठल्या बाजूला?"

साहेब म्हणाले, "नकाशात दिसतंय का दार? नाही ना? मग आहे तेवढं कर."

त्याने तेवढं केलं. समारंभाला आलेले पाहुणे हातात फुलं घेऊन कुंपणाभोवती दोनदा फिरले आणि शेवटी त्यांनी ती वरून आत टाकली. ती टोकांना अडकली आणि तिथेच वाळली. पाहुणे हसले नाहीत, मी मात्र मनातल्या मनात पोट धरून हसलो.

पण ते हसू तेवढंच. झाडूवालीचा झाडू आत पोचत नाही, त्यामुळे पाला आणि पिशव्या पायाशी साचून कुजतात. लोक लांबून जातात. ही नावं कोणाची, असं वर्षभरात एकानेही विचारलं नाही. मित्रांनो, दगडाचाही जीव गुदमरतो हो.

कुंपणानंतर ती शिवणकामवाली पहिल्यांदा आली, तेव्हा गजांतून तिचा हात कसाबसा कोपरापर्यंत आला. सहावी ओळ वीतभर लांब राहिली. लेक म्हणाली, "आई, मी वाचून दाखवते ना."

"वाचून काय करू? नाव मला पाठ आहे. त्याला हात लावायचा तर एवढीच जागा आहे गं मला."

मला एक वीत पुढे सरकता आलं नाही. इतका हतबल मी कधीच नव्हतो.

समोरच्या दुकानातून वेल्डरने हे ऐकलं. तो मान खाली घालून आला. "मावशी, हे माझ्याच हातचं काम आहे. दारासाठी अर्ज देतो." दिलाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब! उत्तर आलं की दाराचा विचार शताब्दीच्या वेळी करू. शताब्दी म्हणजे अजून चोवीस वर्षं.

त्याच दिवशी भर दुपारी वेल्डरने सहाव्या ओळीसमोरचा एक गज कापला. लेक घाबरली. "कोणी विचारलं तर?"

"गंजला म्हणायचं." वर्षभराचं लोखंड ते!

म्हातारीचा हात खांद्यापर्यंत आत आला. बोटं माझ्यावर टेकली, फिरली, पुन्हा फिरली. सगळं गुळगुळीत. "नाव कुठे गेलं गं?" मी आतून ओरडत होतो, इथेच आहे, रंगाखाली आहे! तिने नख फिरवून पाहिलं. एका जागी नख किंचित अडलं. गळ्याशी टोचून ठेवलेली जाड सुई तिने काढली आणि रंगाचा एक कपचा उचलला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कुंपण घालायचंच असेल तर घाला. पण त्याआधी तिथे दिवसभर उभं राहून बघा, हात लावायला कोण कोण येतं. आणि दार ठेवा.

मी अजून आतच आहे. ती रोज येते आणि थोडा थोडा रंग काढते. पाथरवटाने खोल कोरलंय, त्यामुळे वेळ लागतो. काल बापाच्या नावाचं पहिलं अक्षर मोकळं झालं. तिने त्यात बोट ठेवलं, आणि बराच वेळ काढलंच नाही.