वणीची गाडी

रौशनबींनी वणीच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, तसा फुलसिंग पुढे झाला आणि दारात आडवा उभा राहिला.

"उतरा बाई. या गाडीत तुमाले बसता येत नाही."

रौशनबींनी बुरख्याचा पडदा वर केला. चाळिशी उलटलेला, उन्हाने दमलेला चेहरा. "तुमी तं परवापासून माह्या मांगं मांगं फिरून राह्यले. मले वाटलं कोनी चोर आहे."

"पोलीस आहो मी."

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. ती वळणाआड होईपर्यंत रौशनबी तिच्याकडे बघत राहिल्या.

साल एकसष्ट. फुलसिंग राठोड साध्या कपड्यातला शिपाई, पेन्शनला दोन वर्षं उरलेली. कराचीहून एक परदेशी बाई आली आहे, तिच्या कागदावर यवतमाळ हे एकच गाव आहे, ती शहराबाहेर जाता कामा नये, एवढाच हुकूम होता. दोन दिवस तो तिच्यामागे पायपीट करत होता आणि मनातून चक्रावला होता. माहेरी आलेली बाई, पण चौकाचौकात रस्ता विचारत होती. बाजारातून निघून तासाभराने पुन्हा त्याच बाजारात येत होती.

त्याने तिला स्टँडवरच्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "माहेर तुमचं इथलंच नं?"

"वणीचं," त्या म्हणाल्या. "तिकडं वणी कोनाले ठाऊक? जो तो यवतमाळवाले म्हनते आमाले. कागद भरतानी आमच्या यायनंही तेच लिहून देल्लं. चौदा वर्षं यवतमाळवाली म्हनून मिरवली मी, भाऊ, अन् हे गाव परवा पयल्यांदा पाह्यलं."

ऐकून हसू यायला हवं होतं. फुलसिंगला आलं नाही.

"वणीले कोन आहे?"

"अम्मी. कब्रस्तानात. आमी गेलो तवा आजारी होती, मामाजवळ ठेवून गेलो. येतो म्हनलं होतं." रौशनबींनी कप खाली ठेवला. "मी काही आत नाही जात. फाटकातून पाहीन अन् संध्याकाळच्या गाडीनं येईन. उद्या तं मले परत जा लागते."

"माही नोकरी जाईन बाई. घरी दोन पोरी लग्नाच्या आहेत."

हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याचा आजा लखीराम बैलांच्या पाठीवर मीठ लादून थेट हैदराबादेपर्यंत जायचा. कोणत्याच वेशीवर त्याला कधी कोणी कागद विचारला नव्हता. मात्र वाटेत माणूस गेलं तर वाटेतच मूठमाती द्यायची आणि तांडा पुढे न्यायचा. आजीला असंच कुठेतरी ठेवलं होतं. कुठे, ते पुढे आज्यालाही सांगता येईना. मग म्हातारा रस्त्याकडेला उभा दगड दिसला की हात जोडायचा. असेल, हीच असेल म्हणायचा. लहानपणी फुलसिंगही जोडायचा. पोलिसात गेल्यावर चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून त्याने ते सोडून दिलं.

रौशनबींनी पिशवीतून अत्तराची कुपी काढली. "मंग हे तरी न्या. लिंबाच्या झाडाखाली आहे ती, भिंतीजवळ. एकच लिंब आहे तिथं."

"पन तुमाले कळवू कसं? मले तिकडं चिठ्ठी लिहिता येत नाही."

"नका कळवू. तुमी जाल, एवढंच मले ठाऊक राहू द्या."

दुसऱ्या दिवशी रौशनबी मूर्तिजापूरच्या गाडीत बसल्या. फुलसिंग फलाटावर उभा होता, तेही हुकुमानेच. सदर बाई शहराची हद्द सोडून कुठेही गेल्या नाहीत, असं त्याने रिपोर्टात लिहिलं. लिहिलेलं खरं होतं आणि त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रजा मिळायला महिना लागला. वणीच्या कब्रस्तानात भिंत पडली होती आणि लिंबाचं झाड नव्हतं. बुंधासुद्धा नव्हता. पावसाने खचलेले मातीचे उंचवटे तेवढे होते, सगळे सारखे. कोणाला विचारावं तर मामाचं घराणंही कधीच गाव सोडून गेलेलं.

फुलसिंगने वहाणा काढल्या, कुपीचं बूच उघडलं आणि पडक्या भिंतीकडून सुरुवात केली. प्रत्येक उंचवट्याच्या उशाशी एक थेंब. असेल, हीच असेल. दोन ओळी उरल्या असताना कुपी संपली. त्याने हौदावर जाऊन तिच्यात पाणी घातलं, हलवलं आणि उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या.

परतीच्या गाडीत कंडक्टर जवळ येऊन थबकला. "भल्ला वास येऊन राह्यला, जमादार. कोनाच्या लग्नाले गेलते काय?"

"नाही," फुलसिंग म्हणाला. "एकीच्या माहेरी गेलतो."

मारेगाव मागे पडलं. पुढे रस्त्याकडेला पळसाखाली एक उभा दगड दिसला. गाडी माणसांनी भरलेली होती. फुलसिंगने हात जोडले.